समुद्राचे हवामान आणि माशांची वाढ

ज्वारीचे कणीस भरले नाही, तर शेतकरी त्याचे कारण शोधतो. पेरणी उशिरा झाली काय, पोटरीच्या वेळी पावसाने ओढ दिली काय, रोपे दाट झाली काय, असे प्रश्न तो स्वतःला विचारतो आणि पुढील हंगामात त्याप्रमाणे सुधारणा करतो. समुद्रातील मासळीविषयी मात्र असा विचार क्वचितच केला जातो. बाजारात आलेला पापलेट यंदा लहान दिसला, तर ग्राहक कोळ्याला दोष देतो व कोळी समुद्राला. प्रत्यक्षात माशाच्या वाढीलाही ऋतुमान, अन्न, पाणी आणि दाटी यांचे नियम लागू असतात. हे नियम समजून घेतल्याशिवाय मासळीच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यांचे मर्मही ध्यानात येत नाही.

महाराष्ट्राला रूढ गणनेनुसार सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभलेला आहे. पालघर, ठाणे, मुंबई उपनगर, मुंबई शहर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांची उपजीविका या किनाऱ्यावर चालते. शिरूर तालुक्यातील केंदूर अथवा दौंड तालुक्यातील एखादे गाव समुद्रापासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेले आहे. तेथील ग्रामस्थांना हा विषय दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची हे गाव जूनमध्ये वाट पाहते, तेच वारे अरबी समुद्राच्या पाण्यातही नवा हंगाम सुरू करतात. शिवाय ज्यांच्या शेततळ्यात मत्स्यपालन होते, त्यांना माशांच्या वाढीचे नियम समुद्र न पाहताही अनुभवाने ठाऊक असतात. म्हणून ओळखीच्या तळ्यापासून आरंभ करून समुद्राकडे जाणे सोयीचे होईल.

मासा वाढतो कसा?

शेततळ्यात प्रमाणाबाहेर बोटुकली सोडली, तर वर्षअखेर मासे संख्येने पुष्कळ परंतु आकाराने लहान मिळतात. उन्हाळ्यात पाणी आटून तापले की पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, कारण रात्रभरात पाण्यातील प्राणवायू कमी झालेला असतो. खाद्य कमी पडले तर वाढ खुंटते. दाटी, उष्णता, प्राणवायू आणि अन्न ही माशाच्या वाढीची चार प्रमुख अंगे या साध्या निरीक्षणातून स्पष्ट होतात. समुद्रात त्यांमध्ये पाण्याची क्षारता आणि प्रवाह यांची भर पडते.

मनुष्य किंवा गाय-बैल ठरावीक वयानंतर वाढत नाहीत. बहुतेक जातींचे मासे मात्र आयुष्यभर थोडेथोडे वाढत राहतात. आरंभीच्या काळात ही वाढ जलद असते आणि पुढे ती मंदावत जाते. पोटात गेलेल्या अन्नाचा काही भाग श्वसन, पोहणे आणि शरीर चालू ठेवणे यांवर खर्च होतो. काही भाग अंडी तयार करण्यासाठी लागतो. उरलेल्या भागातूनच शरीराची वाढ होते. म्हणजे ही सरळ जमाखर्चाची बाब होय. परिस्थिती प्रतिकूल झाली की शरीर चालविण्याचा खर्च वाढतो आणि शिल्लक कमी होते.

या जमाखर्चाची नोंद माशाच्या शरीरातच ठेवली जाते. त्याच्या कानाच्या पोकळीत चुन्याचे लहान खडे असतात आणि त्यांवर थरावर थर चढत जातात. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे हे थर वाचून शास्त्रज्ञ माशाचे वय व वाढीचा वेग ठरवितात. थंड प्रदेशातील समुद्रात उन्हाळा व हिवाळा यांतील फरक मोठा असल्याने वार्षिक वलये स्पष्ट उमटतात. आपल्या उष्ण समुद्रात ती तितकी ठळक नसतात. म्हणून आपल्याकडे महिनोन्महिने बंदरांवर माशांची लांबी मोजून वाढीचा अंदाज बांधण्याची पद्धत अधिक प्रचलित आहे.

उष्णता आणि प्राणवायू

बहुतेक माशांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते. मुंबईच्या समुद्रात पृष्ठभागाचे पाणी जानेवारी-फेब्रुवारीत सुमारे २४ ते २५ अंश सेल्सिअस असते आणि मे महिन्यात ते २९ ते ३० अंशांपर्यंत जाते. पाणी उबदार झाले की माशाच्या शरीरातील क्रिया जलद होतात. त्याला भूक अधिक लागते आणि अन्न भरपूर असेल तर लहान मासा झपाट्याने वाढतो. परंतु प्रत्येक जातीची एक मर्यादा असते. ती ओलांडली की खर्च उत्पन्नापेक्षा वेगाने वाढू लागतो.

याच वेळी दुसरी अडचण उभी राहते. एक लीटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. समुद्राच्या एक लीटर पाण्यात मात्र २० अंश तापमानाला फार तर सुमारे ७.४ मिलिग्रॅम आणि ३० अंशांना सुमारे ६.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. म्हणजे पाणी तापते तेव्हा माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका त्याच वेळी पुरवठा घटतो. मोठ्या शरीराच्या माशाला ही ओढाताण अधिक जाणवते, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. युरोपातील उत्तर समुद्रात एक ते दोन अंशांनी तापमान वाढलेल्या ३८ वर्षांच्या काळातील नोंदी तपासण्यात आल्या. तेव्हा अभ्यासलेल्या आठ व्यापारी जातींपैकी सहा जातींचा कमाल आकार घटल्याचे आढळले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

अरबी समुद्राच्या बाबतीत प्राणवायूचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. या समुद्राच्या मध्यम खोलीवर प्राणवायू अत्यल्प असलेल्या पाण्याचा एक विस्तीर्ण पट्टा निसर्गतःच आहे आणि जगातील अशा प्रमुख पट्ट्यांत त्याची गणना होते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत कमी प्राणवायूचे हे पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात सरकते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या घटनेचा सविस्तर अभ्यास केला असून, ही स्थिती तीव्र होत असल्याचे त्यांनी २००० मध्ये निदर्शनास आणले. असे पाणी किनाऱ्याजवळ आले की तळाशी राहणारे मासे स्थलांतर करतात, एका जागी दाटी करतात किंवा मृत्युमुखी पडतात.

वारे, पाणी आणि अन्न

समुद्रातील अन्नसाखळीचा पाया म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती होत. त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी व तारलीसारखे मासे जगतात आणि या लहान जीवांवर सुरमईसारखे मोठे मासे पोसले जातात. शेतातील पिकाप्रमाणेच प्लवकालाही सूर्यप्रकाश आणि खत या दोन्हींची आवश्यकता असते. प्रकाश समुद्राच्या वरच्या थरात मिळतो. खत, म्हणजे नत्र व स्फुरद यांची संयुगे, खालच्या थंड थरात साठलेली असतात. जमिनीची मशागत नांगराने होते, तर समुद्राची मशागत वाऱ्याने होते.

ही मशागत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दोन हंगामांत चालते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्यालगतचे पृष्ठभागाचे पाणी दूर सारले जाते आणि त्याच्या जागी तळाचे थंड, खतयुक्त पाणी वर येते. या क्रियेचा जोर केरळ व कर्नाटकाच्या किनाऱ्यावर अधिक असतो आणि उत्तरेकडे तो कमी होत जातो. हिवाळ्यात उलट प्रकार घडतो. उत्तरेकडून येणाऱ्या थंड व कोरड्या वाऱ्यांमुळे अरबी समुद्राच्या उत्तर भागातील वरचे पाणी थंड होऊन जड बनते व खाली जाते. त्यामुळे थरांची मिसळण होऊन खत वर येते. याप्रमाणे खरीप व रब्बी असे दोन हंगाम समुद्रालाही आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

समुद्राचा वरचा थर फार तापला की तो हलका होऊन खालच्या थरावर तवंगासारखा तरंगत राहतो. मग वाऱ्याने होणारी मिसळण कमी होते आणि खत वर येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पती-प्लवकात २० टक्क्यांपर्यंत घट झाली असावी, असा निष्कर्ष त्यात काढण्यात आला. १९६२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पुणे शहरात आहे. समुद्राच्या प्रकृतीचे निदान पठारावर बसूनही होऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

तारलीचा धडा

परिस्थिती आणि वाढ यांचा संबंध तारलीइतका स्पष्टपणे दुसरा मासा क्वचितच दाखवितो. तारली अल्पायुषी असून ती मुख्यतः प्लवकावर जगते आणि पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालते. पहिल्या वर्षात ती साधारणतः १५ सेंटिमीटरपर्यंत वाढते. पावसाचे आगमन, पाण्याचे तापमान आणि प्लवकाची वाढ यांची वेळ जुळली, तर पिले मोठ्या संख्येने जगतात. ती चुकली तर एकाच वर्षात मासा दिसेनासा होतो. केरळमध्ये २०१२ साली तारलीचे उत्पादन सुमारे चार लाख टन होते. २०२१ साली ते ३,२९७ टनांपर्यंत खाली आले. या चढउतारामागे मासेमारीचा ताण आणि समुद्रातील बदल ही दोन्ही कारणे सांगितली जातात.

त्यानंतरची घटना अधिक उद्बोधक आहे. २०२४ च्या पावसाळ्यानंतर केरळच्या किनाऱ्यावर तारली पुन्हा विपुल दिसू लागली. परंतु तिचा आकार लहानच राहिला आणि तिला भावही मिळेना. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याचे स्पष्टीकरण दिले आहे. अनुकूल पावसाळ्यामुळे प्लवक वाढले व पिले फार मोठ्या संख्येने जगली. पुढे त्याच अन्नावर अनेकांची दाटी झाल्याने प्रत्येकाची वाढ खुंटली. केंदूरच्या शेतकऱ्याने शेततळ्यात जे पाहिले असेल, तेच येथे शेकडो किलोमीटरच्या समुद्रात घडले. तळ्यात बोटुकलीची संख्या माणूस ठरवितो, समुद्रात ती पावसाळा ठरवितो, एवढाच फरक आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने तारलीचा आणखी एक धडा आहे. १९८५ पूर्वी देशातील जवळजवळ सर्व तारली ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, म्हणजे प्रामुख्याने केरळ व कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मिळत असे. त्यानंतरच्या काळात ती उत्तरेकडेही पसरली. बांगडा पूर्वी मुख्यतः पृष्ठभागाजवळ पकडला जाई. आता तो तळाजवळ ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांतही पूर्वीपेक्षा अधिक येतो. पाणी तापले की एक मासा उत्तरेकडे सरकतो, तर दुसरा खोल पाण्याचा आश्रय घेतो. कोळ्याला मात्र आपले बंदर, आपली होडी आणि आपले जाळे इतक्या सहज बदलता येत नाही.

बोंबील, खाडी आणि भरती

उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्याची परिस्थिती दक्षिणेपेक्षा वेगळी आहे. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे तीनशे किलोमीटर रुंद असून पाणी उथळ व गढूळ आहे. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरच्या आसपास जातो आणि दक्षिणेकडे तो कमी होत जातो. जवळा व करंदी यांसारखी लहान कोळंबी या पाण्यात विपुल असते व बोंबील मुख्यतः तिच्यावरच जगतो. म्हणूनच बोंबील सर्व किनाऱ्यावर सारखा न आढळता गुजरात व उत्तर महाराष्ट्राच्या पट्ट्यात, तसेच पूर्वेकडे बंगालच्या उपसागराच्या काही भागांत एकवटलेला दिसतो. कोळी बांधवांचे डोल जाळेही याच परिस्थितीला अनुसरून घडले आहे. ते समुद्रात खुंटांना बांधून ठेवले जाते आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच मासा त्यात आणून सोडतो.

किनाऱ्यालगतच्या खाड्या या अनेक जातींच्या पिलांच्या पाळणाघरासारख्या आहेत. बोय, जिताडा आणि कोळंबीच्या कित्येक जातींची पिले खाडीच्या मचूळ पाण्यात, तिवराच्या मुळांच्या आडोशाने वाढतात. पावसाळ्यात नद्यांच्या गोड्या पाण्याने खाडीची क्षारता एकदम घटते आणि उन्हाळ्यात ती पुन्हा वाढते. हा फेरफार सोसण्यासाठी माशाला शक्ती खर्च करावी लागते. खाडीच्या जाती निसर्गतः त्याला सरावलेल्या असतात. परंतु त्यात सांडपाणी व कारखान्यांतील दूषित पाणी मिसळले, तर सेंद्रिय द्रव्यांच्या कुजण्याने प्राणवायू संपतो आणि पाळणाघरच धोक्यात येते. राज्यात सुमारे ३२० चौरस किलोमीटर क्षेत्रावर तिवरांची वने आहेत. त्यांच्या संरक्षणासाठी २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन करण्यात आला. मासळीच्या दृष्टीनेही या कार्याचे महत्त्व मोठे आहे.

पकड घटली म्हणजे मासा घटला काय?

येथे एका सर्वसाधारण गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. २०१९ साली महाराष्ट्रातील सागरी मासळीचे उत्पादन सुमारे २.०१ लाख टन झाले. ते ४५ वर्षांतील नीचांकी होते. त्याच वर्षी अरबी समुद्रात 'वायू', 'हिक्का', 'क्यार', 'महा' आणि 'पवन' अशी पाच चक्रीवादळे झाली. त्यांपैकी 'क्यार' व 'महा' ही वादळे ऐन हंगामात आली आणि होड्या बंदरात नांगरून ठेवाव्या लागल्या. म्हणजे त्या वर्षीच्या आकड्यात मासळीच्या टंचाईबरोबरच बुडालेल्या दिवसांचाही हिशेब आहे.

यास्तव केवळ टनांच्या आकड्यावरून समुद्राच्या प्रकृतीचे अनुमान काढणे योग्य ठरत नाही. माशाची लांबी हा अधिक विश्वसनीय साक्षीदार होय. पण त्याचीही उलटतपासणी करावी लागते. लहान मासा हा कोवळा असू शकतो, किंवा वयाने मोठा परंतु उपासमारीने खुरटलेला असू शकतो. पहिल्या प्रकारात जाळ्याचे आस मोठे करणे व मासेमारी थांबविणे हा उपाय आहे. दुसऱ्या प्रकारात केवळ थांबून मासा पुरेसा वाढेलच असे नाही. म्हणून निर्णयापूर्वी तपासणी आवश्यक असते आणि बंदरावर माशांची मोजमापे घेणाऱ्या कर्मचाऱ्याला कोळी बांधवांनी सहकार्य करणे त्यांच्याच हिताचे ठरते.

आपल्या हाती काय आहे?

वारा, पाऊस व समुद्राचे तापमान यांवर कोणत्याही एका राज्याची सत्ता चालत नाही. मासा किती लहान असताना पकडायचा, हे मात्र आपल्या हाती आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये झाला. २०१५ मध्ये केंद्र शासनाने पावसाळी मासेमारी बंदीचा कालावधी ६१ दिवसांचा केला आणि पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै हा काळ ठरला. अनेक जातींच्या प्रजननाचा व पिलांच्या वाढीचा हाच काळ असल्याने या बंदीला शास्त्रीय आधार आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या लोटण्याची कोळी समाजाची प्रथाही हेच ऋतुमान सांभाळत आली आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेट हा राज्यमासा म्हणून घोषित झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी निश्चित केली असून, चंदेरी पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. या नियमामागील गणित सोपे आहे. माशाचे वजन साधारणतः लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून १० सेंटिमीटरचा मासा १५ सेंटिमीटरचा झाला, तर लांबी दीडपट होते, पण वजन सुमारे ३.४ पट होते. शिवाय तोपर्यंत त्याला एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळते. अर्थात बंदीच्या काळात रोजगार थांबलेल्या कुटुंबाला हे गणित पटण्यासाठी घरात धान्यही असावे लागते. नियमाची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही बाजू सदैव ध्यानात ठेवली पाहिजे.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांद्वारे पाण्याचे तापमान व प्लवकाचा हिरवेपणा मोजून मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती मच्छीमारांपर्यंत पोहोचविते. त्यामुळे इंधन व श्रम वाचतात. मात्र जे साधन मासा शोधून देते, तेच साधन संयमाविना वापरल्यास मासा संपविण्यासही मदत करू शकते, याचा विसर पडू नये.

शिक्षक बांधवांना या विषयाचा प्रयोग गावातच करता येईल. तळ्यातील रोहू किंवा कटला यांचे खवले भिंगाखाली पाहिल्यास वाढीच्या रेषा दिसू शकतात. एकाच दिवशी पकडलेल्या दहा-वीस माशांची लांबी व वजन मोजून विद्यार्थ्यांना आलेख काढता येईल, आणि दाट व विरळ तळ्यांतील माशांची तुलनाही करता येईल. पंचायतींनी शेततळ्यांत प्रमाणशीर बोटुकली सोडण्याचा आग्रह धरावा आणि गावचे सांडपाणी ओढ्यात सोडण्यापूर्वी त्याची व्यवस्था लावावी. शिरूर-दौंड परिसरातील पाणी भीमेतून कृष्णेस मिळते व अखेर बंगालच्या उपसागरात जाते. कोकणातील पंचायतींच्या दाराशी तर खाडीच आहे. गावाच्या ओढ्याचा शेवट कोठे ना कोठे समुद्रातच होतो.

शेतकऱ्याला पाऊस पाडता येत नाही, पण बांध घालता येतो, बियाणे निवडता येते आणि पीक पक्व होईपर्यंत थांबता येते. समुद्राच्या बाबतीतही याहून वेगळे काही करावयाचे नाही. तिवरे राखणे, खाड्यांचे पाणी शुद्ध ठेवणे आणि मासा पुरता वाढेपर्यंत थांबणे ही तीन कामे किनाऱ्यावरील व पठारावरील जनतेने मिळून केली, तर समुद्राचे हवामान प्रतिकूल झालेल्या वर्षीही मासळीला पुन्हा सावरण्यास अवसर मिळेल.